आधी पपई चिरायला शिक

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्याची, वय २४. नोकरीतून महिनाभर सुट्टी मिळतेय. गोव्यात एखाद्या वन्यप्राणी आश्रयकेंद्रात स्वयंसेवक म्हणून राहायचा विचार आहे. प्राण्यांना हाताळायला मिळतं का? कुठला महिना बरा? आणि खरं सांगायचं तर निम्मी गोव्याच्या जेवणासाठी येतेय. दोन्ही जमेल का?"

जमेल. पण ज्या क्रमाने तू विचारलंयस त्या क्रमाने नाही.

मी सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या कडेला, अशाच एका केंद्रात १६ वर्षं काम करतेय. मी डॉक्टर नव्हे. जखमी आणि आईवेगळ्या प्राण्यांची रोजची देखभाल आणि त्यांचं स्वयंपाकघर माझ्याकडे असतं. तू माझ्या भाचीच्या वयाची, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

हाताळायला मिळतं का, तर जवळजवळ नाही. मिळू नये. तुझा महिना सुरी, खराटा आणि वजनकाटा यांच्यात जाईल. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजतो त्याच्या अर्धा तास आधी आपण ओट्यावर असतो. पपई, केळी, उकडलेली अंडी, भिजवलेले मूग, कोणी आणून दिली तर उंबरं. बुलबुलाच्या पिल्लासाठी पपईचा तुकडा मटाराच्या दाण्याएवढा, माकडासाठी सालासकट मोठी फोड, कारण सोलायचं कामही त्याचं त्याला करू द्यायचं असतं. नवीन मुलं सगळ्यांना एकसारखं चिरून ठेवतात आणि अर्धं खाणं पिंजऱ्यातून परत येतं. म्हणून पहिला आठवडा मी फक्त चिरायला लावते. कंटाळतात बिचारी.

वाटी भरताना वजन करायचं आणि उरलेलं परत आल्यावरही करायचं. हे दुसरं वजन लोकांना फालतू वाटतं, पण अख्ख्या दिवसाची बातमी त्यातच असते. रानातला प्राणी आजार लपवतो. जो दुबळा दिसला तो मेला, हे त्याच्या अंगातच भिनलेलं असतं. तो खोकणार नाही, कण्हणार नाही. काल सगळं संपवणाऱ्याच्या वाटीत आज ४० ग्रॅम केळं उरलं, तर मी डॉक्टरांना फोन करते. वहीत तो आकडा नीट लिहिणारी पोरगी मला साप पकडणाऱ्या दहा पोरांपेक्षा जास्त उपयोगाची. (साप पकडायला शिकवा म्हणून येणारे दरवर्षी असतात. त्यांना चहा देते आणि परत पाठवते.)

झाडलोटीतही डोकं लागतं. घरातलं फिनेल मांजरकुळाला विषारी असतं, त्यामुळे रानमांजराची पिल्लं असलेल्या खोलीत ते न्यायचं नाही. एका पिंजऱ्याचा खराटा दुसऱ्यात न्यायचा नाही. आणि पिंजऱ्यापाशी बोलायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात जड जातं.

का, ते एका उदाहरणाने सांगते. आमच्याकडे नारळ काढणाऱ्याला पाडेली म्हणतात. मेच्या सुरुवातीला एक पाडेली काजूच्या टोपलीत कांडेचोराची तीन पिल्लं घेऊन आला. पुस्तकात त्याला उदमांजर म्हणतात. जुन्या कौलारू घरांच्या माळ्यावर त्याचं बिऱ्हाड असतं. चुलीवर भात नसताना घरात आंबेमोहराचा वास आला, तर वर कांडेचोर आहे असं आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, आणि वास खरंच तसा येतो. घर शाकारताना ही पिल्लं सापडली होती. आई आसपास असेल म्हणून टोपली रात्रभर त्याच घरात ठेवून पाहा, असं मी त्याला आधी सांगितलं होतं. आई आली नाही. सकाळी काट्यावर सगळ्यात लहान पिल्लू ८७ ग्रॅमचं भरलं. अंग थंडगार.

त्या दिवशी एक मुलगी नवीन होती. ती धावत जाऊन दुधाची बाटली घेऊन आली. मी ती काढून घेतली. गारठलेल्या पिल्लाच्या पोटात दूध गेलं तर ते पचत नाही, तिथेच नासतं. आधी ऊब. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळायची, त्यावर पिल्लू, वरून अंधार. तासाभराने पाय हलायला लागले, मग पहिला घास. तोही बाळासारखं उताणं धरून नाही, तर पोटावर ठेवून, मान किंचित वर, सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब. नंतर ओल्या कापसाने पोटाखाली पुसायचं, कारण इतक्या लहान पिल्लाला आई चाटल्याशिवाय शू होत नाही. दर तीन तासांनी हे सगळं, रात्रीसुद्धा.

पिल्लांनी डोळे उघडले त्या दिवसापासून भरवणारी एकच व्यक्ती ठरली. तिने बोलायचं नाही, गोंजारायचं नाही. नावं ठेवायची नाहीत. आमच्याकडे चिठ्ठीवर नंबर असतो. पुढे फांद्या लावलेला मोठा पिंजरा, मग जिवंत किडे आणि रानातली फळं, आणि पाच महिन्यांनी वनखात्याच्या माणसांबरोबर एका रात्री पिंजऱ्याचं दार उघडून ठेवलं. ती बाटलीवाली मुलगी सुट्टी वाढवून दोन महिने राहिली होती. रोज त्यांच्या वाट्या तिने धुतल्या, आणि मोठी झालेली ती पिल्लं तिला एकदाही धड दिसली नाहीत. काम बरोबर झालं ते असं.

माझा हात लागून मेलेल्याचंही सांगते. पहिल्या वर्षी काचेवर आपटून पडलेला एक बुलबुल माझ्याकडे आला. चोच उघडी टाकून धापा टाकत होता. मला वाटलं तहान लागलीय, ड्रॉपरने पाणी सोडलं. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. पाणी सरळ फुप्फुसात गेलं. मिनिटभरात माझ्या तळहातावर मान टाकली. त्याला फक्त झाकण लावलेला, भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका आणि दोन तास शांतता हवी होती. काचेवर आपटलेले कितीतरी पक्षी एवढ्यावर उडून जातात. तुझ्या बाल्कनीत पडला तरी एवढंच कर.

आता कायद्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असा प्राणी सरकारचा असतो. हाती लागला की ४८ तासांच्या आत वनखात्याला किंवा पोलिसांना कळवावं लागतं, आणि कुठे सोडायचा तेही खात्याला विचारूनच. आपला साधा हिरवा पोपट पिंजऱ्यात पाळणं हासुद्धा गुन्हा आहे, हे पुण्यातल्या तुझ्या शेजाऱ्यांनाही सांगून बघ. त्यामुळे केंद्र निवडताना पहिला प्रश्न हाच: वनखात्याशी तुमचं काम कसं चालतं? दुसरा: गेल्या वर्षी आले किती, सुटले किती, मेले किती? मेलेल्यांचा आकडा न अडखळता सांगतात ते केंद्र चांगलं. आणि माकडाचं पिल्लू कडेवर घेऊन फोटो काढायची सोय असेल, तर तिथे पैसे भरू नकोस. राहण्या-जेवणाचे पैसे बरीच केंद्रं घेतात आणि त्यात गैर काही नाही, पावती माग.

तुझ्याकडेही आम्ही कागद मागू. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि रेबीजची चावण्याआधी घ्यायची लस. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, कुत्र्यांच्या लसीकरणाचं मोठं काम इथे झालंय. तरीही लसीशिवाय मी कोणाला पिंजऱ्याजवळ जाऊ देत नाही.

सत्तरीत यायचं तर माकडतापाबद्दल माहीत हवं. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला, इथे गेल्या दशकात त्याने माणसं नेली. विषाणू पसरतो गोचिडीतून, आणि त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे. लाल तोंडाच्या माकडांना आमच्याकडे खेती म्हणतात. ती आणि वानरं याने मरतात, आणि मेलेल्या माकडावरच्या गोचिडी नवीन अंग शोधत पसरतात. तेव्हा पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली पँट, पाचोळ्यात बसायचं नाही, रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात आणि आंघोळ करताना सगळं अंग तपासायचं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला फोन. जळवांना मात्र घाबरू नकोस, त्या नुसत्याच किळसवाण्या.

महिना कुठला, ते ठरवताना दोन्ही गोष्टी एकत्र येतात. प्राण्यांचा हंगाम आणि ताटाचा हंगाम आमच्याकडे वेगळे नाहीत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान, काम कमी. मासळी भरपूर. या दिवसांत समुद्राकडे मोरजी, आगोंद, गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरेक अंडी, दीड-दोन महिन्यांनी पिल्लं. वनखातं घरटी राखतं, आणि तुझ्याकडे आठवडाच असेल तर सत्तरीपेक्षा तिकडे जा. रात्री किनाऱ्यावर मोबाईलची बत्ती लावू नकोस, पिल्लं समुद्र सोडून उजेडाकडे चालू लागतात.

मार्च-एप्रिल काजूचा. टेकड्यांवर बोंडूंचा वास, भट्टीवर ताजा नीरो, म्हणजे बोंडूंचा रस. नीरो दुपारपर्यंतच प्यावा, नंतर तो आंबतो. हुर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू, फक्त याच दोन-तीन महिन्यांत. चव घेऊन बघ, पण रात्रपाळी असेल त्या दिवशी नाही. याच दिवसांत वणवे लागतात. मार्च २०२३ मध्ये म्हादईत आणि इतरत्र आगी लागल्या तेव्हा आम्ही कितीतरी रात्री झोपलो नव्हतो. भाजलेले सरपटणारे प्राणी कोणी आणत नाही, कारण ते तिथेच संपतात. नंतर राखेतून चालताना कळतं.

माझं मत विचारशील तर मेचा दुसरा पंधरवडा ते जूनचा शेवट. वळवाच्या वाऱ्यात घरटी पडतात, पिल्लांचा लोंढा येतो, माणसं कमी पडतात. आणि ताटात मानकुराद आंबा असतो. हापूसचा अभिमान आठवडाभर बाजूला ठेवलास तर आपली मैत्री टिकेल. फणस, करवंदं, जांभळं. आमच्या प्राण्यांच्या वाट्याही तेव्हा सगळ्यात रंगीत असतात. घासातला घास म्हणतात तसं कधीकधी पिकलेला मानकुराद आधी खारीच्या पिल्लाला आणि मग आपल्याला.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद. मासे अंडी घालायचे दिवस. म्हणून मेमध्येच घराघरात पुरुमेंत भरलं जातं, म्हणजे पावसाची बेगमी: खारे बांगडे, सुकं सुंगट (कोळंबी), गालमो (जवळा), सोलं, मीठ, खोलाची मिरची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात त्या दिवसांत जा आणि नाकाला सुट्टी दे. आमची स्वयंपाकीण मावशी सुक्या सुंगटांची किस्मूर करते: तव्यावर कुरकुरीत भाजायची, वर ओला नारळ, कांदा, चिंचेचा कोळ, थोडं खोबरेल. नरम पडायच्या आत खायची. बरोबर उकड्या तांदळाची पेज. सकाळी दहाला, चार तास खराटा मारल्यावर ही पेज खाल्लीस की गोव्याच्या हॉटेलांत मिळतं ते जेवण आणि हे, यात मी फरक समजावून सांगायची गरज उरणार नाही.

मासे खात नसशील तरी उपाशी राहणार नाहीस. आमच्याकडे त्याला शिवराक म्हणतात, आणि सोमवारी, श्रावणात कितीतरी घरं शिवराकच असतात. त्रिफळं घातलेलं खतखतं, मुगागाठी, अळसांद्याचं तोंडाक, नीरफणसाची कापं, तांबडी भाजी, पावसात तायकिळ्याची कोवळी पानं (तुमचा टाकळा). नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. आणि सकाळी पोदेराकडची पोळी. ही तुमची पोळी नव्हे, कोंड्याचा, आतून पोकळ पाव. तो पातळ भाजीत बुडवायचा. पहिल्या दिवशी पुण्याची प्रत्येक मुलगी पोळी मागवते आणि पाव बघून गप्प होते.

एकच पथ्य: जेवून आलीस की कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. आमटीचा वास असलेल्या बोटांना पिल्लं चाटायला येतात आणि मीठ-मसाला त्यांच्या पोटात जातो. आपल्या ताटातलं त्यांना काही द्यायचं नाही, दया म्हणूनसुद्धा.

आता दोन पदार्थांबद्दल, कारण ते तुला कोणीतरी देऊ करणारच.

पहिल्या पावसाच्या रात्री शेतांत मोठे बेडूक बाहेर येतात. नर त्या दोन-चार रात्री हळदीसारखे पिवळे झालेले असतात आणि गळ्याच्या बाजूला निळे फुगे काढून ओरडतात. बत्ती डोळ्यांवर मारली की जागचे हलत नाहीत, म्हणून पोत्यात भरणं सोपं. त्यांच्या तंगड्या काही ठिकाणी ‘जंपिंग चिकन’ म्हणून विकल्या जातात. कायद्याने बंदी आहे, शिक्षा आहे, तरी चालतं. आमची मुलं त्या रात्री वनखात्याच्या गस्तीबरोबर बांधावर फिरतात. दिवसभर बेडकांच्या शेतात पाय भिजवून रात्री ते खाणारा स्वयंसेवक मला एकदा भेटलाय. त्याला मी दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवलं. रानडुकराचं मटण म्हणून काही पुढे आलं तरी तसंच, हात जोडायचे.

दुसरं अळमी, आणि इथे मी तितकी सोवळी नाही. वाळवीचं वारूळ म्हणजे आमची रोयण. तिच्यावर जुलै-ऑगस्टमध्ये ही रानअळंबी उगवते, वाळवी आणि बुरशी एकमेकांवर जगतात, त्यामुळे शेतात लावून ती येत नाही. पानावर मांडून नगावर विकतात, किलोवर नाही. चव मटणाच्या तोंडात मारील अशी. पण छत्री उघडायच्या आत खुडली की बीजाणू पडत नाहीत, आणि रोयणच खोदली तर तो तुकडा कायमचा गेला. अभयारण्याच्या हद्दीतून काढायला मनाई आहे. माझ्या ओळखीची एक म्हातारी स्वतःच्या कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) आणते, दर रोयणीवर निम्मी ठेवून. तिच्याकडून मी वर्षातून एकदा घेते. तू असशील तर तुला दोन मिळतील, जास्त नाही.

गावाशी कसं वागायचं, हेही कामाचाच भाग आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले. मारलेल्या गुराच्या धडात विष घातलं होतं. ज्या भागात वाघाला देव मानून दगड पुजतात तिथेच हे झालं. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादईचा व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं, तेव्हापासून जमिनीच्या भीतीने गावागावांत वातावरण तापलेलं आहे. तू चहाच्या गाड्यावर बसून ‘वाघ वाचवायला पाहिजे’ असं व्याख्यान देऊ नकोस. ज्याची दुभती म्हैस जाते त्याला भरपाई कधी मिळते, ते आधी विचार आणि ऐक. आमच्याकडे प्राणी आणून देणारी माणसं हीच आहेत. तो पाडेली टोपली घेऊन पाच किलोमीटर चालत आला होता.

सुट्टीच्या दिवशी रायबंदरहून फेरीने चोडणला जा, खारफुटीतलं सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर. भरती बघून जा. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी दिसतात. भोम गावात पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मानगे थापणी म्हणतात, ती तारीख जमली तर सोडू नकोस. बोंडल्याला प्राणिसंग्रहालय आहे, मुलांबरोबर ठीक.

येताना काय आणायचं, तर गडद रंगाचे जुने कपडे, गमबूट, डोक्याला लावायची बॅटरी, लसीचे कागद. अत्तर आणि सुगंधी तेल नको. नखं कापून ये. आपली सवयीची सुरी असेल तर ती आण, आमच्या सगळ्या बोथट असतात. तीन आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर येऊ नकोस, कारण पहिला आठवडा तू आम्हाला कामच वाढवशील. कदंबाच्या बसने वाळपईपर्यंत ये, पुढे आमची गाडी येईल, मात्र उजेड असताना पोच. आणि मासे की शिवराक, ते दोन दिवस आधी कळव. सोमवारी आलीस तर विचारायचंच नाही. मावशी त्या दिवशी नुस्तें (मासळी) चुलीजवळ येऊ देत नाही.